एपफ्रदीत: गेला, आजारी पडला, परत आला

आजचं वाचन: फिलिप्पैकरांस पत्र २:२५-३०
सोबत वाचा: प्रेषितांची कृत्ये १६:६-१५, फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-१८



तरुण संघात एक प्रश्न हमखास येतो. परदेशातल्या एखाद्या मंडळीत जाऊन सेवा करावी असं मनात येतंय, हे देवाचं पाचारण आहे की माझीच हौस? आमच्या आयटीवाल्यांचा तर आणखी गोंधळ होतो. ऑनसाइटची संधी आली की प्रार्थनेत उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, आणि व्हिसा नाकारला गेला की देवानेच दार बंद केलं असं वाटतं. दोन्ही वेळा निर्णय आपला असतो की एम्बसीचा, हे कळत नाही.

या प्रश्नाला आपण बहुतेक वेळा पौलाच्या दृष्टांताचं उत्तर देतो. रात्री स्वप्नात मासेदोनियाचा मनुष्य उभा राहिला, मदतीला ये म्हणाला, आणि पौल निघाला. ते उत्तर खरंच आहे. पण आपल्यापैकी फार थोड्यांना असा दृष्टांत होतो. म्हणून आज दुसऱ्या एका मनुष्याकडे पाहू. त्याला दृष्टांत झाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याने केलेला एकही उपदेश लिहिलेला नाही. एकही चमत्कार नाही. मुलांची नावं आपण पौल, तीमथी, सायलस अशी ठेवतो, एपफ्रदीत नावाचं मूल निदान मी तरी पाहिलेलं नाही. तरीही परदेशी जाऊन सेवा करणं म्हणजे काय, हे नव्या करारात त्याच्याइतकं साधेपणाने क्वचितच कुणी शिकवतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

फिलिप्पै हे मासेदोनियातलं रोमी वसाहतीचं शहर. आज त्याचे अवशेष ग्रीसमध्ये कवाला बंदराजवळ आहेत. कवाला म्हणजेच पौल जिथे जहाजातून उतरला ते नियापुलीस. तिथली मंडळी सुरू झाली ती पौलाच्या त्याच दृष्टांतामुळे.

त्या कथेत एक गंमत आहे. आसियात वचन सांगायला पवित्र आत्म्याने पौलाला मना केलं होतं. बिथुनियातही जाऊ दिलं नाही. दोन दारं बंद झाल्यावर तो त्रोवसला आला आणि तिथे दृष्टांत झाला. स्वप्नात दिसला पुरुष, पण फिलिप्पैला जिने पहिल्यांदा मन उघडून ऐकलं ती लुदिया नावाची बाई. आणि ती होती थुवतीराची, म्हणजे त्याच आसिया प्रांताची, जिथे पौलाला बोलायला मनाई होती! देवाला आसियाचा विसर पडला नव्हता. आपण नकाशावर रेघ ओढतो, देव माणसं पाहतो.

या घटनेनंतर साधारण दहा-बारा वर्षांनी पौल कैदेत आहे. पारंपरिक मत असं की ही कैद रोमची. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटी दिसतं की तिथे तो दोन वर्षं स्वतःच्या खर्चाने भाड्याच्या घरात राहत होता आणि राखायला एक शिपाई होता. घरभाडं होतं, पण कमाईला बाहेर पडता येत नव्हतं. त्या काळात कैद्याची काळजी सरकार घेत नसे. जेवण, कपडे, पैसे हे नातेवाइकांनी किंवा मित्रांनी पाहायचं.

फिलिप्पैच्या मंडळीला हे कळलं. ही श्रीमंत मंडळी नव्हती. मासेदोनियातल्या मंडळ्या अत्यंत दारिद्र्यात असूनही उदारपणे देत, असं पौल करिंथकरांना सांगतो. त्यांनी वर्गणी जमवली. आता प्रश्न आला, घेऊन कोण जाणार? बँक ट्रान्सफर नव्हतं. फिलिप्पैहून एग्नातिया मार्गाने पश्चिमेला आजच्या अल्बानियाचा किनारा गाठायचा, समुद्र ओलांडून इटलीत उतरायचं, मग आप्पिया मार्गाने रोम. हजार किलोमीटरहून जास्त अंतर. पायी जाणाऱ्याला महिन्याभराहून अधिक वेळ लागणार. वाटेत चोर, समुद्र, ताप. आणि कमरेला लोकांच्या घामाचा पैसा.

मंडळीने एपफ्रदीताला पाठवलं.

पौल त्याला काय काय म्हणतो

२५व्या वचनात पौल त्याला पाच नावं देतो. भाऊ, सहकारी, सहसैनिक, ही तीन पौलाच्या नात्याने. तुमचा निरोप्या आणि माझ्या गरजेत सेवा करणारा, ही दोन त्याच्या कामाच्या नात्याने.

यातले शेवटचे दोन शब्द मूळ ग्रीकमध्ये पाहण्यासारखे आहेत. 'निरोप्या'साठी पौलाने वापरलेला शब्द आहे अपोस्तोलोस. हाच शब्द तो स्वतःला प्रेषित म्हणताना वापरतो. अर्थ साधा, पाठवलेला. पण कुणी पाठवलेला? 'तुमचा' अपोस्तोलोस. एपफ्रदीत स्वतःहून निघाला नाही, मंडळीने त्याला पाठवलं. उरलेल्यांना घरदार, शेत, दुकान सोडून रोमला जाता येणार नव्हतं. त्या सगळ्यांच्या वतीने एक जण गेला. ३०व्या वचनाचा भाव हाच आहे, तुमची जी सेवा तुम्ही अंतरामुळे करू शकला नाही ती याने पुरी केली.

दुसरा शब्द लेइतुर्गोस. ग्रीक शहरांत श्रीमंत नागरिक स्वतःच्या खर्चाने सार्वजनिक काम करत, कुणी उत्सवाचा खर्च उचले तर कुणी युद्धनौकेचा. त्या सेवेला लेइतुर्गिया म्हणत. देवळातल्या याजकाच्या सेवेलाही हाच शब्द. आता विचार करा. एपफ्रदीताने रोममध्ये नेमकं काय केलं असेल? बाजारातून भाकर आणली असेल, निरोप पोचवले असतील, पौलाजवळ बसला असेल. आपण ज्याला 'सपोर्टचं काम' म्हणून बाजूला टाकतो त्याला पौल याजकाच्या सेवेचं नाव देतो. आणि चौथ्या अध्यायात त्यांच्या दानाला देवाला आवडणारा सुवासिक यज्ञ म्हणतो.

त्याचं नाव तर अफ्रोदिती या ग्रीक देवीच्या नावावरून आलेलं. आईवडलांनी ठेवलेलं जुन्या धर्मातलं नाव घेऊनच तो देवाच्या वचनात कायमचा नोंदला गेला. तुमची पार्श्वभूमी काय आहे, घराण्यात पहिले विश्वासणारे तुम्हीच आहात का, या गोष्टी देवाला अडचणीच्या वाटत नाहीत.

आणि मग तो आजारी पडला

इथेच हा भाग आपल्या नेहमीच्या साक्षींपेक्षा वेगळा होतो. साक्ष कशी असते? देवाने बोलावलं, मी गेलो, अडचणी आल्या, पण देवाने मोठं काम केलं. एपफ्रदीत गेला आणि मरणाच्या दारात पोचला. मदतीला गेलेल्या माणसाचीच काळजी पौलाला करावी लागली. पौलाच्या हातून अनेक आजारी बरे झाले होते, पण इथे चमत्काराने तत्काळ बरा केला असं पौल लिहीत नाही. देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाहीतर दुःखावर दुःख आलं असतं, एवढंच तो सांगतो. प्रेषिताच्या मनातली ही भीती लपवलेली नाही.

२६वं वचन हळू वाचा. एपफ्रदीत घराची ओढ लागून कासावीस झाला होता. कशामुळे? तो आजारी असल्याची बातमी फिलिप्पैला कळली, हे त्याला कळलं, म्हणून. परदेशात राहणाऱ्यांना हे लगेच समजेल. ताप आलाय याचं आपल्याला एवढं वाटत नाही, पण आईला कुणीतरी सांगितलंय आणि ती तिकडे रात्रभर जागी आहे, याने जीव तुटतो. व्हिडिओ कॉलवर आपण चेहरा हसरा ठेवतो तो त्यासाठीच.

या कासावीस होण्यासाठी पौलाने जो ग्रीक शब्द वापरला आहे, तोच मत्तय आणि मार्क यांनी गेथशेमाने बागेतल्या येशूसाठी वापरला आहे. म्हणजे घरच्या आठवणीने व्याकूळ होणं हा अविश्वास नाही. 'देवाने बोलावलंय तर रडू कशाला येतं' असं स्वतःला किंवा दुसऱ्याला विचारू नका. ज्या प्रभूने बोलावलं, तो स्वतः त्या व्याकुळतेतून गेला आहे.

परत पाठवणं

पौलाने त्याला परत पाठवलं. कैदेतल्या माणसाला आपल्याजवळच्या सेवकाची गरज नव्हती का? होती. तरी पाठवलं. आणि सोबत मंडळीला सांगितलं की त्याला प्रभूमध्ये पूर्ण आनंदाने घ्या, अशा माणसांचा मान राखा.

पौलाला हे का लिहावं लागलं असेल? माणसाचा स्वभाव पाहता अंदाज करता येतो. 'एवढी वर्गणी काढून पाठवला, आणि हा इतक्यात परत?' फिलिप्पैत कुणीतरी असं म्हणालं असतं. आपल्याकडेही म्हणतात. पौल त्या कुजबुजीच्या आधीच उत्तर देतो. हा पळून आलेला नाही, मीच पाठवलाय. ख्रिस्ताच्या कामासाठी याने जीव पणाला लावलाय. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे पत्र फिलिप्पैला नेलं ते एपफ्रदीतानेच. म्हणजे जो 'लवकर परत आला', त्याच्या हातून आपल्याला आनंदाचं हे पत्र मिळालं.

आणखी एक गोष्ट अभ्यास करताना सापडते. याच अध्यायाच्या ८व्या वचनात ख्रिस्त मरणापर्यंत आज्ञाधारक झाला असं म्हटलं आहे. ३०व्या वचनात एपफ्रदीत मरणापर्यंत पोचला असं म्हटलं आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे तेच दोन शब्द आहेत, मेख्री थानातू. ख्रिस्तासारखी मनोवृत्ती ठेवा असं सांगून पौल थांबला नाही. ती मनोवृत्ती चालताबोलता कशी दिसते, याचं उदाहरण म्हणून त्याने एक आजारातून उठलेला, घरी निघालेला मनुष्य पुढे केला.

आपल्या इतिहासातलं एक पान

मराठी मुलखातल्या मंडळीच्या इतिहासाच्या सुरुवातीच्या पानांवरही हेच दिसतं. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेत सेलम इथे पाच तरुणांना परदेशी सेवेसाठी दीक्षा देऊन पाठवण्यात आलं: अदोनिराम जडसन, सॅम्युअल न्यूवेल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. एपफ्रदीत एका सेवकाच्या मदतीला गेला, हे सुवार्ता सांगायला निघाले. काम वेगळं, पण पाठवणी तशीच.

पुढे काय झालं पाहा. न्यूवेलची पत्नी हॅरिएट त्याच वर्षी मॉरिशसमध्ये वारली, वय १९. हॉल आणि नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले, तर कंपनी सरकार त्यांना राहू द्यायला तयार नव्हतं. हॉल टिकला, मराठी शिकला, मराठीत वचन आणण्याच्या कामात राबला आणि १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेला. न्यूवेल त्याआधी १८२१ मध्ये मुंबईतच कॉलऱ्याने गेला. नॉट तब्येत बिघडल्यामुळे थोड्याच वर्षांत अमेरिकेला परतला आणि १८६९ पर्यंत जगला. जडसन ब्रह्मदेशात गेला आणि १८५० मध्ये मरेपर्यंत त्याच कामात राहिला. राइस मदत उभी करायला १८१३ मध्येच मायदेशी गेला आणि परत कधी आलाच नाही. तो तिथल्या मंडळ्यांत फिरून ब्रह्मदेशच्या कामाला आधार मिळवत राहिला.

पाच जण, एकच दीक्षा. यातलं खरं पाचारण कुणाचं? कबर मुंबईत आहे त्याचंच का? आजारी होऊन बोटीत बसला त्याचं नव्हतं का? पौलाला विचाराल तर तो २९वं वचन दाखवेल.

मग मी कसं ओळखू?

या वचनावरून काही प्रश्न निघतात. परदेशी सेवेचा विचार करणाऱ्याने ते प्रार्थनेत बसून, कागदावर लिहून सोडवावेत.

१. गरज कुणाची आहे? एपफ्रदीत 'परदेशात' गेला नाही. तो एका माणसाच्या एका गरजेसाठी गेला, रोम वाटेत आलं. तुमच्या मनात देश आधी आला की मंडळी? त्या मंडळीच्या पाळकांशी बोललात का? त्यांनी कशासाठी मदत मागितली आहे? कदाचित त्यांना प्रवचनकार नकोच असेल. संडे स्कूलला शिकवणारा, हिशेब ठेवणारा, नव्याने आलेल्या कामगाराला दवाखान्यात नेणारा हवा असेल. खाडी देशांत एकाच आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या पाळीपाळीने उपासना करतात, तिथे खुर्च्या लावणाराही लागतो. ते काम मिळालं तर पाचारण कमी होतं का?

२. पाठवतं कोण? अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून बर्णबा व शौल यांना पाठवलं (कृत्ये १३:१-३). दृष्टांत पौलाला झाला, तरी निष्कर्ष 'आम्ही' काढला असं लूक लिहितो (१६:१०). तुमच्या पाळकांना, वडीलधाऱ्यांना, तुम्हाला रोज पाहणाऱ्या मित्रांना काय वाटतं? सगळ्यांना शंका असेल तर थोडं थांबायला हरकत नाही.

३. इथे माझ्यावर कुणी विश्वास टाकला आहे का? एपफ्रदीताच्या हाती मंडळीचा पैसा दिला गेला. म्हणजे जाण्याआधीच तो पारखलेला होता. पुण्यात रविवारी उशिरा येऊन मागच्या बाकावरून निघून जाणारा माणूस टोरांटोला जाऊन अचानक सेवक होत नाही.

४. आईवडलांचं काय? देवाला अर्पण केलं असं म्हणून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने खडे बोल सुनावले (मार्क ७:९-१३), आणि वधस्तंभावरून स्वतःच्या आईची सोय लावली. एकुलता एक मुलगा किंवा मुलगी असाल तर हा प्रश्न अविश्वासाचा नाही, आज्ञापालनाचा आहे. त्याचं उत्तर दर वेळी 'जाऊ नका' असंच येईल असं नाही. पण उत्तर काढल्याशिवाय निघू नका.

५. माझे कागद खरे आहेत का? व्हिसाच्या अर्जात कारण एक आणि जाऊन करायचं दुसरंच, असं असेल तर सेवेची सुरुवात खोट्याने होते. आरोग्य विमा, राहण्याची जागा, महिन्याचा खर्च हेही आधी लिहून काढा. बुरूज बांधण्याआधी बसून हिशेब करायला येशूनेच सांगितलं आहे (लूक १४:२८).

६. परत यावं लागलं तर? हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवला, कारण बाकी सगळ्यांची परीक्षा यात होते. सहा महिन्यांत आजारी पडून परतलो, सांगण्यासारखी मोठी साक्ष नाही, फोटो नाहीत. तरी मी जाईन का? उत्तर 'हो' असेल तर ओढ बहुधा ख्रिस्ताकडे आणि त्याच्या लोकांकडे आहे. मन अडखळलं, तर थांबून पाहा की ओढ नेमकी कशाची आहे.

जे इथेच राहणार त्यांच्यासाठी

आपल्यापैकी बहुतेक जण जाणार नाहीत. फिलिप्पैतलेही बहुतेक गेले नाहीत. पण त्यांच्याशिवाय एपफ्रदीत निघालाच नसता. आपल्या मंडळीतलं कुणी बाहेर सेवेत असेल तर आज त्यांना मेसेज पाठवा, 'कसं चाललंय काम' असं विचारू नका, 'जेवलास का, झोप लागते का' असं विचारा. जमेल तेवढी रक्कम ठरवून पाठवा. आणि कुणी परत आलं असेल, ठरलेल्या वेळेआधी, थकून, गप्प होऊन, तर त्यांना 'मग पुन्हा कधी?' असं विचारू नका. घरी जेवायला बोलवा. मान राखा ही विनंती नाही, प्रेषिताची सूचना आहे.

पाचारण म्हणजे किती दूर गेलो आणि किती वर्षं राहिलो याचा हिशेब नाही. ख्रिस्ताच्या लोकांची गरज पाहून, आपल्या लोकांच्या हातून पाठवलं जाऊन, जे आपल्याला देता येतं ते देणं, एवढंच ते आहे. किती काळ, ते पाठवणारा ठरवतो. परत बोलावणाराही तोच आहे.

प्रार्थना

प्रभू येशू, तू पित्याने पाठवलेला आणि मरणापर्यंत आज्ञाधारक राहिलेला. माझ्या मनात जी ओढ आहे ती तुझ्यापुढे ठेवतो. तिच्यात माझी हौस असेल तर ती दाखव, तुझी हाक असेल तर ती माझ्या मंडळीलाही ऐकू येऊ दे. परक्या देशात आज जे आजारी आहेत, एकटे आहेत, घरच्या आठवणीने झोपू शकत नाहीत, त्यांच्यावर एपफ्रदीतावर केलीस तशी दया कर. जे परत आले आहेत त्यांची मान खाली जाऊ देऊ नकोस. आणि आम्ही जिथे आहोत तिथे आज कुणाची तरी गरज भागवायला आम्हाला पाठव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

आज करण्यासाठी: फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय एका बैठकीत पूर्ण वाचा. ८वं आणि ३०वं वचन शेजारी-शेजारी वहीत लिहा. मग आपल्या मंडळीतून बाहेर गेलेल्या किंवा परत आलेल्या एका व्यक्तीचं नाव त्याखाली लिहून तिच्यासाठी दहा मिनिटं प्रार्थना करा.